उरलेलं अर्धं पान

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं संपादक स्वतःला सांगत असत. पण राहून जातं ते एकदाच. हे रोज नव्याने राहत होतं. वर्षभर ते पत्र त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. कोट धुवायला गेला की ते शब्दकोशात जाई, कोट परत आला की पुन्हा खिशात येई. घड्यांवर ते इतकं मऊ पडलं होतं की उघडताना आता त्याचा आवाजही होत नसे.

पत्र एका परिचारिकेचं होतं. ती इस्पितळात रात्रपाळी करायची. पाळी संपायच्या सुमाराला, उजाडता उजाडता, ती खिडकीजवळच्या खाटेवरच्या एका म्हाताऱ्या सुताराला मननाच्या पुस्तिकेतलं त्या दिवसाचं पान वाचून दाखवायची. सुतार मधेमधे शेरे मारायचा. हे बरं बसलंय, इथे फट राहिलीय. एका सकाळी तिने पहिला परिच्छेद संपवला, दुसऱ्यात शिरली, आणि शेरा आला नाही. तिने वर पाहिलं, पुस्तिका मिटली, डॉक्टरांना बोलावलं आणि पुढचं सगळं जसं करायचं असतं तसं केलं. शेवटी तिने लिहिलं होतं, "अर्धं पान वाचायचं राहिलं आहे. तेव्हापासून ते उघडवत नाही, आणि त्यापुढची पानंही वाचवत नाहीत. ते पुरं वाचावं की तसंच सोडावं? वाचायचं तर कोणासाठी? ज्यांनी लिहिलं त्यांना ठाऊक असेल, म्हणून विचारते."

ज्यांनी लिहिलं ते म्हणजे संपादकच. पत्र आलं त्याच दिवशी त्यांनी अंक काढून ते पान शोधलं. उरलेल्या अर्ध्या भागात मरणाबद्दल काही नव्हतं, स्वर्गाबद्दल नव्हतं, सांत्वनाचं एक अक्षर नव्हतं. रांगेत आपल्या पुढचा माणूस वेळ लावत असेल तर त्याच्याशी मऊ बोलावं, एवढंच होतं. आता असलं पान त्या बाईला "वाचा" म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं?

आज तेच पत्र खिशात घेऊन ते छापखान्याच्या माडीवर लांब टेबलाच्या टोकाला बसले होते. रविवारची उपासना आटोपून सगळे इथे जमले होते. पुतण्याने बैठक बोलावली होती, आणि घरात अशी बैठक पुतण्याने बोलवायची ही पहिलीच खेप.

पुतण्याचं म्हणणं साधं होतं. रोजच्या मननाची ही पुस्तिका, जिला घरात आणि वाचकांतही नुसतं "पान" म्हणत, ती तीन पिढ्या चालली होती. दिवसाला एक पान. वर शास्त्रवचन, खाली मनन, शेवटी दोन ओळींची प्रार्थना. लिहिणारे आता उरले नव्हते. दोन पाळक निवृत्त होऊन मुलांकडे राहायला गेले, एक बाई नीट दिसेनासं झाल्यावर थांबल्या, आणि अर्ध्याहून जास्त पानं एकट्या काकांना लिहावी लागत होती. काका प्रत्येक पान दहादा लिहायचे, अकराव्यांदा फाडायचे, आणि अंक उशिरा निघायचा. दुसरीकडे कपाटात काकांच्या आजोबांची आणि वडिलांची हजारो पानं पडून होती. ती काढायची, तारखा बदलायच्या, छापायची, मोबाइलवर पाठवायची. नवीन लिहिणं बंद.

"काका, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "तुम्हीच दर वर्षी म्हणता की आता माझ्याच्याने होत नाही. मी फक्त तुमचं ऐकलं."

 संपादक खरंच दर वर्षी तसं म्हणत. फक्त कोणी ऐकेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्यांनी धाकट्या भावाकडे पाहिलं. छापखाना धाकट्याचा होता, आणि पुतण्याही त्याचाच मुलगा. वडील गेले तेव्हा तिघा भावंडांत वाटणी झाली ती अशी: थोरल्या ताईने वाचकांचे पत्ते घेतले, धाकट्याने यंत्रं घेतली, आणि मधल्याला उरलं ते लिहिणं. धाकट्याने आयुष्यभर भावाच्या उशिराची वाट पाहत यंत्रं थांबवली होती. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला की पोराचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे, आणि मग स्वतःच्याच बोलण्याने अवघडल्यासारखा हाताची शाई रुमालाला पुसू लागला, जी रविवारी हाताला नव्हतीच.

राहिली ताई. संपादकांचा भरवसा तिच्यावर होता. लहानपणापासून ती त्यांच्या वतीने बोलत आली होती. दुकानात, शाळेत, आणि एकदा तर एका मुलीच्या वडिलांकडेही, जिथे तिच्या बोलण्याचाही उपयोग झाला नव्हता. पण ताईने हात जोडल्यासारखे टेबलावर ठेवले आणि शांतपणे सांगितलं की तिला पुतण्याचं पटतं.

"आजोबांचे शब्द कपाटात धूळ खातायत," ती म्हणाली. "त्यांच्यासारखं आपल्यातलं कोणी लिहिणार आहे का? तूच सांग."

संपादकांनी मान हलवली. नाही. या प्रश्नाला त्यांच्याकडे दुसरं उत्तर कधीच नव्हतं.

आजोबा घड्याळजी होते. त्यांच्या दुकानाला एकच काच होती, रस्त्याच्या बाजूला, आणि कामावर जाणारे लोक त्या काचेपाशी थांबून आपली घड्याळं लावून घेत. लोक थांबतातच, तर त्यांना वाचायला काहीतरी असावं, म्हणून आजोबा रोज सकाळी हाताने लिहिलेला एक कागद आतून काचेला चिकटवू लागले. एक बाई रोज थांबायची आणि वाचता येत नाही म्हणून शेजारच्याला वाचायला सांगायची. शेजारचा अडखळला की ती म्हणायची, तुमचं चुकत नाहीये, लिहिणाऱ्याचं चुकलंय. आजोबा आतून ऐकत. तेव्हापासून त्यांनी नेम धरला: पान आधी कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यायचं, आणि वाचणारा जिथे अडखळेल तिथे काही वाद न घालता वाक्य बदलायचं. झोपेतून उठलेल्या माणसाच्या तोंडात बसलं पाहिजे, असं ते म्हणत.

मग एक खलाशी आला. लांबच्या सफरीला निघाला होता. म्हणाला, काच काही मला बरोबर नेता येणार नाही, सगळी पानं आत्ताच लिहून द्या. आजोबा म्हणाले, पुढचे दिवस कसे असतील मला काय ठाऊक, मी ती आज कशी लिहू? खलाशी म्हणाला, "तुम्ही लिहा तर खरं. मी तिथवर पोचतो." त्या गठ्ठ्याला आजोबांनी दोरा घातला, आणि पुस्तिका झाली ती अशी. वडिलांच्या काळात छापखाना आला. कागदाची टंचाई होती तेव्हा वडिलांनी पान तळहाताएवढं केलं. टंचाई गेली, पण लोकांना ते खिशात बसतं म्हणून आवडलं, आणि आकार तोच राहिला. मोठ्याने वाचायचा नेमही राहिला. त्याला घरात "ऐकणी" म्हणत. वाचणाऱ्याने ते पान आधी पाहिलेलं नसावं, लिहिणाऱ्याने तोंड उघडू नये, आणि ताईने हातात पेन्सिल घेऊन बसावं. जीभ अडली की पेन्सिल टेबलावर वाजे. टक. संपादकांचं एकही पान आजवर टकटक न होता सुटलं नव्हतं.

"ठरलं म्हणायचं मग," पुतण्या म्हणाला.

"ऐकणी?" संपादकांनी विचारलं.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते इतकं हळू बोलले होते की त्यांनाच वाटलं, आपण हे नुसतं मनात म्हणालो.

"जुन्या पानांची कसली ऐकणी?" पुतण्याने विचारलं. "ती तर होऊन गेलेली आहेत."

"तेव्हाच्या माणसांच्या तोंडून," संपादक म्हणाले.

हा काही त्यांचा डाव नव्हता. त्यांना डाव टाकता येत नसे. पत्त्यांत ते आपली पानं समोरच्याला दिसतील अशी धरत. त्यांनी नुसती आठवण केली. पण ताईने लगेच पेन्सिल उचलली. नेम आजोबांचा होता, तेव्हा आजोबांच्या पानालाही तो लागू आहे, यात तिला शंका घेण्यासारखं काही दिसलं नाही. उलट ती खूश झाली. म्हणाली, होऊन जाऊ दे, सगळ्यांनाच कळेल पान कसं असतं.

पुतण्याने आपल्या गठ्ठ्यातून सगळ्यांत चांगलं पान निवडलं. वाचायला त्याच्या बायकोला बसवलं, कारण या घराच्या कपाटात तिने अजून डोकं घातलं नव्हतं. सूनबाई दातांची डॉक्टर होती. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात बघून तिला घरी मोजकं बोलायची सवय लागली होती, आणि तिचा आवाज स्वच्छ, थोडा जाड होता. पाठांतर केल्यासारखं वाचू नको, असं ताईने तिला बजावलं.

तिने वाचायला घेतलं. सुरुवात सुंदर होती. प्रभूच्या दयेला रोज नवी धार असते, असं काहीसं. ताईचे डोळे मिटले. धाकटाही खिडकीकडून वळला. संपादकांनी मान खाली घातली, कारण एवढी सोपी वाक्यं त्यांना जन्मात जमली नव्हती. मग दुसरा परिच्छेद आला.

"'आज सकाळी घड्याळाला चावी देताना'..." सूनबाई थांबली. "चावी देताना म्हणजे? कोणाला दिली?"

ताईने डोळे उघडले.

"घड्याळाला चावी द्यायची असते," धाकटा म्हणाला. "म्हणजे असायची. पिळायची."

"बरं." ती पुढे गेली. "'चावी देताना स्प्रिंग जिथे आणखी पिळू नको म्हणते, तिथे बोटाला जे कळतं, ते तुला आपल्या रागाविषयी कळो.'" इथे ती पुन्हा थांबली. "बोटाला काय कळतं?"

संपादकांना ते कळत होतं. त्यांनी लहानपणी आजोबांच्या घड्याळाला चावी दिली होती. एका क्षणी स्प्रिंग बोटाला हळूच विरोध करते, आणि त्यापुढे पिळलं तर ती तुटते. रागाबद्दल यापेक्षा नेमकं कोणी लिहिलं असेल असं त्यांना वाटत नव्हतं. पण समोर बसलेली शहाणी, शिकलेली बाई खरोखर विचारत होती.

ताईची पेन्सिल हवेत होती. ती तशीच राहिली. संपादकांनी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर त्यांनी तिला थांबवलं असतं. मग ती वाजली. टक. एरवीपेक्षा हळू, पण वाजली.

"त्यात काय एवढं," पुतण्या म्हणाला. "चावीच्या जागी दुसरं काही घालू. 'आज सकाळी मोबाइल चार्जिंगला लावताना.'"

"आणि बोटाला काय कळतं?" सूनबाईने नवऱ्याला विचारलं. "वायर बसली की नाही ते?"

धाकटा हसला आणि ताईकडे बघून गप्प झाला.

"माझ्या आजोबांच्या हातात मोबाइल देतोस?" ताई म्हणाली.

पुतण्याने दुसरं पान काढलं. त्यात कंदिलाची काच पुसायची होती. सूनबाई अडखळली नाही, पण तिसऱ्यात भट्टीवर इस्त्री तापत घातली होती, आणि चौथ्यात आजोबांनी एका वाक्यात इतकी उपवाक्यं घातली होती की तिला मधे श्वास घ्यावा लागला आणि आपण कुठून निघालो होतो तेच ती विसरली. पेन्सिल वाजत राहिली. आजोबांनी घालून दिलेला नेम आजोबांनाच एकेका पानावर अडवत होता. दर टकटकीला ताईचा चेहरा लहान होत चालला होता, पण तिने एकदाही चुकवली नाही. संपादकांना त्या क्षणी ती फार आवडली.

अखेर तिने पेन्सिल खाली ठेवली. म्हणाली की बदलली तर ती आजोबांची राहणार नाहीत, आणि नाही बदलली तर ती कोणाचीच राहणार नाहीत. ती कपाटातच बरी. ज्याला हवं त्याने तिथे जाऊन वाचावीत, आणि सोबत तिला घेऊन जावं, म्हणजे ती चावी म्हणजे काय ते सांगेल.

"म्हणजे तुम्ही काकांच्या बाजूने," पुतण्या म्हणाला.

"मी कोणाच्या बाजूने नाही. मी पेन्सिलच्या बाजूने आहे."

पुतण्या रागावला नव्हता. तो मनाने चांगला मुलगा होता आणि सगळ्यांचं ओझं कमी करावं एवढंच त्याला वाटत होतं. पण आता तो सरळ मुद्द्यावर आला. जुनी नकोत तर नवी कोण लिहिणार? आणि लिहून काय साधणार? वाचक सकाळी एक पान वाचतो आणि कामाला लागतो. ते पान काल लिहिलंय की सत्तर वर्षांपूर्वी, त्याने त्याला काय फरक पडतो? "एक गोष्ट सांगा, काका. जिवंत माणसाने लिहिलेलं पान असं काय करू शकतं, जे मेलेल्या माणसाचं करू शकत नाही?"

संपादकांचा हात खिशाकडे गेला. उत्तर तिथे होतं आणि ते उत्तर त्यांच्याच अंगावर येणार होतं, हे त्यांना पत्र बाहेर काढायच्या आधीच कळलं. तरी त्यांनी ते काढलं आणि टेबलावरून सूनबाईकडे सरकवलं.

तिने वाचलं. मऊ पडलेला कागद तिने दोन्ही हातांनी धरला होता, आणि सुताराच्या शेऱ्यांपाशी तिला हसू आलं. "वाचायचं तर कोणासाठी" इथे ती अडखळली नाही. तिचा आवाज फक्त थोडा खाली आला. ताईने पेन्सिलीला हात लावला नाही.

"मेलेल्या माणसाला असं विचारता येत नाही," संपादक म्हणाले. "एवढाच फरक आहे. लिहिणारा पत्त्यावर सापडतो."

 पुतण्याने जे विचारायचं तेच विचारलं. "तुम्ही काय उत्तर दिलं?"

"काही नाही."

"अजून?"

"वर्ष झालं."

 ताईने कपाळाला हात लावला. संपादकांनी स्वतःच्या बाजूने जेवढं उभं केलं होतं, तेवढं त्यांनीच आडवं केलं होतं. पुतण्याने विजयाने काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो तसं काही म्हणाला नाही. उलट पेल्यात पाणी ओतून त्याने ते काकांपुढे ठेवलं, आणि ते जास्त लागलं.

तेव्हा धाकटा बोलला. तो सहसा यंत्रांबद्दलच बोलायचा, त्यामुळे सगळ्यांना वाटलं आता तो यंत्रांबद्दलच बोलणार. आणि एका परीने तो यंत्राबद्दलच बोलला. म्हणाला की यंत्रं पुसायला तो भावाच्या खोलीतले चुरगळलेले कागद नेतो, मऊ असतात म्हणून. गेलं वर्षभर त्यातला दर दुसरा कागद "आदरणीय भगिनी" अशा मायन्याने सुरू होतो. "मला वाटलं, म्हातारपणी ह्याचं कुठे जमलंय," तो म्हणाला. "म्हणून विचारलं नाही."

सूनबाई पहिली हसली. मग ताई. संपादकांच्या कानांच्या पाळ्या तापल्या, पण त्यांनाही हसू आवरेना.

"उत्तर दिलं नाही असं नाही," धाकटा पोराकडे वळून म्हणाला. "शंभरदा दिलंय. टाकलं नाही. माझं यंत्र पुसून निघालं त्या उत्तरांनी. मी उद्या मेलो तर मला असा माणूस चालेल, ज्याला माझ्याबद्दल एक ओळ लिहायला वर्ष लागतं. पण त्या बाईला चालणार नाही. तिला आत्ता हवंय."

"मग आत्ता लिहा," पुतण्या म्हणाला. तो आता काकांच्या डोळ्यांत बघत होता. "इथे, आत्ता. ऐकणी होईल. अडेल ते बदलून पत्र सुटलं तर पान नवंच निघेल आणि मी स्वतः लिहिणारे शोधून आणतो, घरोघर जाऊन. नाही सुटलं तर जुनी छापायची. चावीसकट."

"मंजूर," ताई म्हणाली, संपादकांना न विचारता. लहानपणापासूनची सवय.

संपादक शेजारच्या खोलीत गेले. तिथे वडिलांच्या काळचे छपाईच्या शिशाच्या खिळ्यांचे खण अजून भिंतीला लावून ठेवलेले होते; रिकामे, पण अक्षरांच्या चिठ्ठ्या तशाच चिकटलेल्या. ते कडेच्या उंच स्टुलावर बसले. एरवी कागदापुढे बसले की त्यांच्या डोक्यात आधी आजोबा येत, मग वडील, मग शहाणे वाचक, मग अतिशहाणे वाचक. आज तसं झालं नाही. भिंतीपलीकडून ताई सूनबाईला चावी म्हणजे काय ते सांगत होती, बोटांचा अभिनय करून सांगत असणार, आणि धाकटा मधेमधे दुरुस्त्या करत होता. ते आवाज चालू असताना लिहिणं सोपं गेलं. त्यांना आठवला तो खलाशी. पुढचे दिवस कसे असतील ते मला ठाऊक नाही, असं आजोबांनी खरं खरं सांगितलं होतं, आणि तरी लिहून दिलं होतं. वर्षभर संपादकांना वाटत होतं की त्या बाईला उत्तर देण्यासाठी आपल्याला काहीतरी ठाऊक असायला हवं.

त्यांनी एकदाच लिहिलं. उठताना सवयीने कागद चुरगळायला हात गेला, तो त्यांनी मागे घेतला.

सूनबाईने वाचलं:

"आदरणीय भगिनी, तुमचं पत्र येऊन वर्ष झालं. मी अपात्र माणूस आहे, मला शब्द जुळवता येत नाहीत, आणि या कामाला माझ्याहून..."

टक.

"मी अडखळले नाही, आत्या," सूनबाई म्हणाली.

"मी अडखळले," ताई म्हणाली. "काढ ते वाक्य. तिने तुझी चौकशी केलेली नाही."

संपादकांनी तोंड उघडलं, नेम आठवला, मिटलं. सूनबाईने ते वाक्य खोडलं आणि पुढे वाचू लागली.

"तुमचं पत्र येऊन वर्ष झालं. तुम्हाला थांबावं लागलं, त्याची क्षमा करा. उरलेल्या अर्ध्या पानात काय आहे ते आधी सांगतो, म्हणजे तुम्हाला त्याची भीती वाटणार नाही. त्यात मरणाबद्दल काही नाही. रांगेत पुढचा माणूस वेळ लावत असेल तर त्याच्याशी मऊ बोलावं, एवढंच आहे. त्या सकाळी तिथे काहीतरी मोठं असायला हवं होतं असं मला फार वाटलं. पण पान लिहिणाऱ्याला तो दिवस माहीत नसतो. आमच्या आजोबांना एका खलाशाने सांगितलं होतं, तुम्ही लिहा, मी तिथवर पोचतो. तुमचे सुतार पहिल्या अर्ध्यापर्यंत पोचले. त्यांना लागणारं तेवढंच होतं. त्यांना पुढे कुठल्या रांगेत उभं राहायचं नव्हतं. तुम्हाला आहे. उरलेलं अर्धं तुमचं आहे. ते घाईने वाचू नका. कुठे तरी रांगेत उभ्या असाल आणि पुढचा माणूस वेळ लावत असेल, त्या दिवशी पुस्तिका उघडा आणि तिथून पुढे वाचा. मोठ्याने नाही वाचलं तरी चालेल. कुठे फट राहिली असेल तर मला कळवा. तसं सांगणारा माणूस आता तुमच्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही.

"आणखी एक विनंती. आमची सगळी पानं दिवस सुरू करणाऱ्यांसाठी लिहिलेली आहेत. ज्यांचा दिवस त्याच वेळी संपतो, त्यांच्यासाठी एकही नाही, हे तुमचं पत्र येईपर्यंत आमच्या तीन पिढ्यांत कोणाच्या लक्षात आलं नाही. मला ते लिहिता येणार नाही, कारण मी रात्री झोपतो. तुम्ही लिहाल का? पुढच्या अंकाचं पहिलं पान तुमच्यासाठी मोकळं ठेवलं आहे."

तिने कागद खाली ठेवला. ताईची पेन्सिल तिच्या बोटांत आडवी होती. ती तिने हळूच टेबलावर ठेवली, आवाज होऊ न देता, आणि मग पदराने नाक पुसून म्हणाली की क्षमेची गोष्ट एकदाच सांगितलीस हे बरं केलंस.

"अंकाला आधीच उशीर झालाय," धाकटा म्हणाला, "आणि ह्याने पहिलं पान मोकळं सोडलं." पण तो उठून लिफाफा शोधायला लागला होता.

पुतण्याने पत्र पुन्हा एकदा स्वतः, मनात वाचलं. मग त्याने आपला जुन्या पानांचा गठ्ठा उचलला आणि कपाटात परत नेऊन ठेवला. वरचं, चावीचं पान मात्र काढून घडी करून स्वतःच्या खिशात घातलं. काकांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

पत्ता ताईने घातला. वाचकांचे पत्ते तिच्या वाट्याला आले होते. पुतण्या काकांबरोबर खाली उतरला, कारण त्याला ठाऊक होतं की एकटे गेले तर ते पेटीपाशी लिफाफा फोडून पुन्हा वाचतील. रस्त्यावर रविवारची शांतता होती. बंद दुकानांच्या काचांमधून दोघंही जाताना दिसत होते, एक वाकलेला, एक ताठ.

"तिने उत्तर दिलं नाही तर?" पुतण्याने विचारलं. "पहिलं पान मोकळं राहिलं तर?"

"तर वाट बघू," संपादक म्हणाले. "तिने बघितली."

टपालपेटीचं तोंड अरुंद होतं आणि लिफाफा जाड कागदाचा होता. तो अर्धा आत गेला आणि अडला. संपादक क्षणभर त्या बाहेर राहिलेल्या अर्ध्याकडे बघत उभे राहिले.  मग त्यांनी अंगठ्याने तो हळूच आत ढकलला, आणि तो तळाशी पडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.